धाकटीचा डबा आणि बंद न होणारा कॉम्प्युटर

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन घरात आली, तेव्हा तिच्या सामानात सगळ्यात जड काय होतं, तर वायरींची पिशवी. ती जिन्यावरून मीच वर नेली, म्हणून मला ठाऊक.

धाकटी एका दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात काम करते आणि दिवसभर जे करते तेच घरी येऊन पुन्हा हौसेने करते. इस्त्रीच्या टेबलाखाली तिने एक जुना सर्व्हर आणून ठेवलाय. आम्ही त्याला डबा म्हणतो. त्या एका डब्यात ती चार-पाच कॉम्प्युटर नांदवते. खरेखुरे नव्हेत, सॉफ्टवेअरने उभे केलेले. एका घरात चार बिऱ्हाडं, प्रत्येकाचा कारभार वेगळा, आणि कोणी कोणाच्या भांड्यात डोकावत नाही. आमच्या घरात हे माणसांना कधी जमलेलं नाही, म्हणून मला त्या डब्याचं कौतुक आहे.

खालच्या मजल्यावर आमचा भरतकामाचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं. दोन खोल्या, सुयांची रांग असलेलं एक लांबलचक मशीन आणि भिंतभर दोऱ्याचे कोन. शाळांचे बिल्ले, हॉटेलांचे टॉवेल, नर्सच्या एप्रनवरची नावं, असली कामं. मशीन भाऊजी चालवतात, म्हणजे धाकटीचा नवरा. सुटे धागे कापते मी आणि बडबडही मीच करते. मशीनला डिझाइन पाठवायचा मागच्या खोलीतला कॉम्प्युटर. तो इतका म्हातारा की तो बंद करायचाच नाही, असा आमच्याकडे दंडक होता. एकदा चुकून बंद झाला, तर पुन्हा चालू होईपर्यंत त्याने भाऊजींच्या तोंडचं पाणी पळवलं.

अलीकडे तो घरघरायला लागला. त्यातला डिझाइनचा प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच गाशा गुंडाळलेला, आणि नव्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम चालत नाही. कॉम्प्युटर गेला की डिझाइनं गेली, आणि डिझाइनं गेली की कारखाना गेला. भाऊजी जेवता जेवता मध्येच हात थांबवून खाली कान द्यायचे.

"अहो, मी तो अख्खाच्या अख्खा माझ्या डब्यात घेते," धाकटी म्हणाली. "जसाच्या तसा. घर बदललंय हे त्याला कळणारसुद्धा नाही."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? मला फक्त कात्री चालवता येते."

मग तिने स्वतःला कामाला जुंपून घेतलं. डब्याचं मूळ सॉफ्टवेअर जुनं होतं, म्हणून आधी ते नवं केलं. आणि त्या नव्या शहाण्याने डब्यातलं नेटवर्क कार्ड, म्हणजे इतर यंत्रांशी जोडणारा तुकडा, ओळखायलाच नकार दिला. ड्रायव्हर नाही म्हणे. ड्रायव्हर म्हणजे कार्डाशी बोलायची रीत. ती ठाऊक नसली की कार्ड समोर असून नसल्यासारखं. धाकटीने तो ड्रायव्हर शोधायला आकाशपाताळ एक केलं आणि लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्हने डब्याला भरवला. मग जुना कॉम्प्युटर डब्यात उतरवला, तर आता त्याची ती नक्कल अडून बसली. तिला हे नवं कार्ड ओळखीचं नाही. मग धाकटीने डब्याला एका जुन्या कार्डाचं सोंग घ्यायला लावलं. तरी प्रोग्राम उघडेना, कारण प्रत्येक कार्डाचा स्वतःचा क्रमांक असतो आणि आमच्या प्रोग्रामला जुन्या कॉम्प्युटरच्या कार्डाचाच क्रमांक हवा होता. तिने नकलेला तोही दिला. प्रोग्राम सुतासारखा सरळ झाला. मला इतका आनंद झाला की मी तिला दोऱ्यांच्या खोक्यासकट मिठी मारली.

"एकच करा," ती भाऊजींना म्हणाली. "एका क्रमांकाची दोन कार्डं एकत्र चालत नाहीत. जुन्याची नेटवर्कची वायर काढा आणि काढूनच ठेवा."

भाऊजींनी तिच्यासमोर वायर काढली. वरच्या डब्यावरून मशीनला पहिला बिल्ला गेला आणि अगदी झकास आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन अर्ध्या बिल्ल्यावर थांबलं. मग चाललं. पुन्हा थांबलं. घुबडाचा बिल्ला होता, त्याला एकच डोळा आला. धाकटीने खापर ड्रायव्हरवर फोडलं. तो बदलला. मग कार्डच बदललं. मशीनचं आपलं तेच. दवाखान्यातून आली की ती टेबलाखाली शिरायची, आम्हाला नुसते पाय दिसायचे. शेवटी एका संध्याकाळी बाहेर येऊन भिंतीला टेकून बसली.

"ताई, मला नाही जमत," ती म्हणाली. "उद्या यांना सांगते, जुनाच वापरा."

मी खाली जाऊन निळ्या दोऱ्याचे कोन शोधायला लागले. मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर कापड टाकलेलं. त्यामागे हात घातला, तर हाताला वायर लागली. चांगली घट्ट खोचलेली.

"भाऊजी, इकडे या," मी हाक मारली. ते आले, वायरीकडे पाहिलं आणि कान खाजवायला लागले.

"वहिनी, मी मदतच करत होतो," ते म्हणाले. "म्हटलं, नव्याला जड गेलं तर जुना हात लावेल. दोघं मिळून खेचतील."

मला एवढं हसू आलं की मी तिथेच खोक्यावर बसले. या घरात कोणतंही काम कधी एकट्याने झालेलं नाही. बटाटेसुद्धा आम्ही दोघी जावा मिळून सोलतो. या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? हसणं ऐकून धाकटी खाली आली. वायर बघितली आणि तिला सगळं उलगडलं. मला वाटलं, आता भाऊजींची धडगत नाही. पण तीही हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अहो, दोघं एकाच नावाला ओ देत होते. मशीनने ऐकायचं कोणाचं?"

"मला भीती वाटली गं," भाऊजी म्हणाले. "खोटं कशाला बोलू."

"मग नुसती वायर काढा. कॉम्प्युटर राहू दे चालू."

भाऊजींनी वायर काढली. "नको," ते म्हणाले. "चालू राहिला तर माझा हात पुन्हा शिवशिवेल." आणि त्यांनी तो बंद केला. इतक्या वर्षांची घरघर थांबली आणि त्या खोलीत आम्हा तिघांना रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली.

धाकटीने वर जाऊन घुबडाचं डिझाइन पाठवलं आणि धावत खाली आली. मशीन सुरू झालं. एक डोळा झाला, चोच झाली, दुसरा डोळा झाला. रांगेतली सगळी घुबडं डोळे वटारून आमच्याकडे बघायला लागली.

"आता तुझा डबा बिघडला तर?" भाऊजींनी विचारलं.

"तर मी आहे ना."

भाऊजींनी मान हलवली. मग मशीनसमोरची त्यांची खुर्ची, जिच्यावर ते मलाही कधी बसू देत नाहीत, तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बस. पुढचं डिझाइन तूच लाव."