तिसऱ्या मजल्यावरचे अध्यक्ष

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये जिन्यात दोन बायका थांबल्या की अध्यक्षांचा एक तरी किस्सा निघतोच. एकीचा संपेपर्यंत दुसरीला आठवतो, आणि वर गॅसवरचं दूध उतू जातं. ते गेल्यापासून माझं किती दूध गेलं, विचारू नका.

अध्यक्ष म्हणजे कोकणातल्या एका लहान गावचे माजी नगराध्यक्ष. मुलाने इथे ब्लॉक घेतला आणि तो नोकरीला गल्फला गेला. मग अध्यक्ष आणि त्यांच्या बायको माई तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. मी बरोबर खाली. गॅलरीत उभं राहिलं की वरचं सगळं ऐकू यायचं, त्याला मी काय करणार?

*

गणपतीत कुणीतरी माइकवर त्यांना 'माजी' म्हटलं. अध्यक्ष जागेवरूनच म्हणाले, "माजी ती खुर्ची. मी आहे तसाच आहे."

*

सोसायटीच्या सभेला कोणी फिरकायचं नाही. अध्यक्षांनी सभा रविवारी संध्याकाळी आमच्या घरी लावली. तेव्हा टीव्ही फक्त आमच्याकडे. झाडून सगळी बिल्डिंग आली. सिनेमा रंगात आला की अध्यक्ष उठून टीव्ही बंद करायचे आणि ठराव वाचायचे. "हात वर झाले की पुढचा सिनेमा."

एकही ठराव पडला नाही. शेवटी हिरॉइन कुणाला मिळाली, ते मात्र अजून कळलेलं नाही. लाइट गेली.

*

तिसऱ्या मजल्यावर पाणी चढायचंच नाही. संध्याकाळी थोडा वेळ यायचं, ते खालच्या नळावर. माई गुडघे धरत बादल्या वर न्यायच्या. अध्यक्ष हात लावायला गेले की त्याच ओरडायच्या, कारण त्यांचं हार्ट नाजूक.

एकदा माईंचा आवाज चढला. "अख्ख्या गावाक नळ दिल्यात, आणि माका ही बादली?"

"सभा तहकूब," अध्यक्ष म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले. उत्तर सुचलं नाही की घरातसुद्धा त्यांची सभा तहकूब व्हायची.

"मी कधी तहकूब करू?" माईंनी आतून विचारलं.

"तो अधिकार अध्यक्षाचा."

*

पंप बसवायला तळमजल्यावरच्या शिर्क्यांचा विरोध. "आमच्या नळाला पाणी येतं ना, मग झालं."

अध्यक्षांनी त्यांना चहाला बोलावलं. खाली स्वतः घ्यायला आले, आणि भरलेली बादली पुढे केली. "येताना एवढी आणा. चहा ह्याच पाण्याचा."

शिर्के वर पोचले ते भिंतीला टेकूनच बसले. चहा गार झाला तरी कप उचलवेना. पुढच्या सभेत पंपाचा ठराव त्यांनीच मांडला.

*

पंप आला, पण उद्घाटनाशिवाय सुरू कसा करायचा? अध्यक्षांनी त्याला लाल रिबीन बांधली आणि प्रमुख पाहुणे शोधायला लागले. पाहुणे आज येतो, उद्या येतो करत राहिले. माई रोज त्या रिबिनीशेजारून बादल्या वर नेत होत्या.

एका संध्याकाळी त्यांनी बादली खाली ठेवली, रिबीन ओढून काढली आणि बटण दाबलं.

वर नळ खाकरला. अध्यक्ष धावत खाली आले. आता काय होतंय म्हणून आम्ही सगळे दारात. त्यांनी रिबिनीकडे बघितलं, मग माईंकडे.

"टाळ्या वाजवा की रे. उद्घाटन झालं."

*

शोकसभा म्हटली की दोन मिनिटं मोजायचं काम अध्यक्षांचं. ते घड्याळ बघून "बसा" म्हणेपर्यंत कोणी बसायचं नाही.

परवा त्यांचीच शोकसभा होती, खाली अंगणात. शिर्के म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू." सगळे उभे राहिलो.

उभेच राहिलो. "बसा" कोणी म्हणायचं, हे ठरलंच नव्हतं. शिर्के माझ्याकडे बघतायत, मी शिर्क्यांकडे.

तेवढ्यात खालच्या नळाने फुस्स केलं. पाणी आलं. पंप लगेच लावला नाही, तर तिसरा मजला उद्यापर्यंत कोरडा. सगळ्यांना कळत होतं, पण अध्यक्षांच्या फोटोसमोरून हलायचं कोणी?

माईंनी पदराने डोळे पुसले. फोटोकडे एकदा बघितलं.

"सभा तहकूब," त्या म्हणाल्या. "शिर्के, पंप लावा."