पोवळ्यांबरोबर आलेली बिऱ्हाडं

मयेहून लग्न होऊन मी केरीला आले तेव्हा गोवा घटकराज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. प्राणिशास्त्र घेऊन मी पदवी काढली होती, पण समुद्र तोवर सहलीपुरताच पाहिला होता. सासऱ्यांचं आयुष्य मात्र जहाजावर गेलं होतं, इंजिनखोलीत. कुठल्याशा परदेशी बंदरात त्यांनी काचेच्या टाकीत वाढवलेली जिवंत पोवळी पाहिली आणि निवृत्त होऊन येताना ते वेड घरी आणलं. आमच्या बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, सकाळचं ऊन मिळेल अशी त्यांनी टाकी मांडली होती. पाणी ते भरतीच्या वेळी किनाऱ्यावरून कॅनमधून आणत. तेरेखोल नदीच्या मुखाजवळचं चालत नाही, तिथे गोडं पाणी मिसळतं, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. टाकीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हेही सांगितलं. सासूबाई त्या टाकीला सवत म्हणत.

एकदा ओळखीच्या रापणकाराने जाळ्यात आलेला एक दगड आणून दिला. त्यावर हिरवट पोवळ्यांचा गुच्छ होता. सासऱ्यांनी तो तसाच टाकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना मी वाकून पाहिलं, तर दगडाच्या बेचक्यात करंगळीच्या नखाएवढं एक तपकिरी, पारदर्शक फूल उमललं होतं. मी ते ओळखलं. ते फूल नव्हतं, डंख मारणारा समुद्रफुलाचा प्रकार होता. हा एकदा रुजला की शेजारच्या पोवळ्यांना जगू देत नाही. नव्या सुनेने बोलावं की नाही या विचारात दोन दिवस गेले, मग मी बोलले.

त्यांना ते आवडलं नाही. कॉलेजात समुद्र शिकवतात काय, असं काहीसं ते पुटपुटले आणि मी आत गेल्यावर त्यांनी जुन्या टूथब्रशने ते फूल खरवडून टाकलं. तीन आठवड्यांत त्या एकाची चौदा झाली. त्याचा तुकडा जिथे पडेल तिथे नवं उगवतं, हे सांगायची संधी त्यांनी मला दिलीच नव्हती. हिरवी पोवळी मिटून बसली. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि स्वतःचं भिंग माझ्या हातात दिलं.

"बाय, माका फक्त इंजिन कळता," ते म्हणाले. "ह्या काय ता तू सांग."

लिंबाचा रस गाळून मी इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरला आणि एकेका फुलाच्या तोंडात सोडला. सासरे चमच्याला कुलेर म्हणत. तशी एक कुलेर धरून ते मेलेलं एकेक फूल अलगद उचलत होते. त्या दिवसापासून दुपारचा चहा झाला की आम्ही दोघं बल्कांवात बसू लागलो. नवा दगड आला की आधी महिनाभर प्लॅस्टिकच्या टबात राहायचा. त्याबरोबर कोण कोण बिऱ्हाड घेऊन आलंय, ते आम्ही भिंगातून शोधायचो. गुळगुळीत पायांचा खेकडा शेवाळ खातो, त्याला ठेवायचं. केसाळ पायांचा, काळ्या नख्यांचा असला तर परत समुद्रात. ते विचारायचे, मी सांगायची आणि ते वहीत चित्र काढायचे. जहाजाच्या पंपाचं काढावं तसं, बाण आणि मापांसकट.

मी प्रत्येक वेळी बरोबर होते असं नाही. एका उन्हाळ्यात टाकीतले छोटे मासे एकेक करून नाहीसे होऊ लागले. वाळूत मला केसाळ, गुलाबी किडे दिसले आणि हेच चोर, असं मी ठामपणे सांगितलं. आठवडाभर बसून आम्ही चिमट्याने साठेक किडे काढले. त्यांचे काचेसारखे केस माझ्या बोटांत शिरले. सासऱ्यांनी चिकटपट्टी लावून ते ओढून काढले, वर व्हिनेगर चोळलं. तरी मासे जातच राहिले. शिवाय पाण्याला वास येऊ लागला, कारण उरलंसुरलं खाऊन वाळू साफ ठेवणारे तेच किडे होते.

मग एका दुपारी सगळे आडवे झाले असताना टाकीतून टक् असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. काच तडकली असं वाटून आम्ही दोघं धावलो. दगडाच्या भोकातून दोन डोळे बाहेर पाहत होते. प्रार्थनाकीटकासारखे पुढचे पाय दुमडून बसलेली कोळंबी होती ती. त्याच पायांच्या ठोक्याने ती शिकार करते. तो दगड आम्हीच, टबातला महिना भरायच्या आत, घाईने टाकीत ठेवला होता.

मला रडू आलं. नाहक मारलेले ते किडे डोळ्यांसमोर येत होते. सासरे म्हणाले, "माझ्या हातान एकदा अख्खा जहाज दोन दिस बंद पडलेला. तू रडा नको. फुडच्या दगडाचे किडे ठेवूया."

कोळंबी दगडासकट परत समुद्रात गेली, पुढचे किडे आम्ही ठेवले, आणि पाणी हळूहळू निवळलं.

पुढे काही वर्षांनी पोवळी समुद्रातून काढायला कायद्याने बंदी आली. त्यांनी ती बातमी पेपरात दोनदा वाचली. आपली तर आधीची आहेत, असं माझे यजमान म्हणाले, पण सासऱ्यांनी ऐकलं नाही. त्याच रापणकाराच्या होडीतून आम्ही सगळे दगड बालद्यांत घालून नेले आणि खडकांपाशी एकेक करून पाण्यात सोडले. हिरवा गुच्छ तोवर ताटाएवढा झाला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी खाली नेला, खांदे भिजेपर्यंत.

नंतर कितीतरी दिवस चहा झाला की आम्ही सवयीने बल्कांवात येऊन बसायचो आणि रिकाम्या टाकीकडे बघायचो. मग एकदा ते आपणहून इंजिनखोलीबद्दल सांगू लागले. इतकी वर्षं समुद्रावर काढली, पण समुद्र असा कधी दिसलाच नाही म्हणाले. खाली खिडकी नव्हती.