जपानच्या पाहुणीची ओटी

लढाई संपून काही वर्षं झाली होती, जपानशी पुन्हा देणंघेणं सुरू झालं होतं. पण ते देणंघेणं वर्ध्याला आमच्या बैठकीपर्यंत येईल असं मला लग्नात कोणी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांचं कापसाचं जिनिंग होतं आणि घर त्याच आवारात, त्यामुळे आमच्या वरणातसुद्धा कापसाचे तंतू सापडत. संक्रांत होऊन चार दिवस झाले असतील, मुंबईच्या दलालाचा निरोप आला की जपानी गिरण्यांची माणसं कापूस पाहायला येतायत. "माल पसंत पडला तं गाठी सीध्या जपानले," असं सासरे ज्याला त्याला सांगत सुटले. दूधवाल्यालाही सांगून झालं.

पाहुणे आले. काही पुरुष आणि त्यांची दुभाषी, चाळिशीची एक बाई. आल्या आल्या सगळे कमरेत वाकले. सासरेही वाकले. ते पुन्हा वाकले, म्हणून सासरे पुन्हा. आधी कोणी थांबायचं हे दोन्ही देशांत ठरलेलं नव्हतं. शेवटी सासऱ्यांची कंबर धरली तेव्हा ते आटोपलं. मग पुरुष मंडळी कापसाच्या ढिगाकडे गेली. चिमटीत कापूस धरून ओढून पाहायला भाषा लागत नाही, म्हणून बाईंना घरात पाठवण्यात आलं. "बायकाईत बसवा तिले. खूश झाली पायजे," एवढं सासऱ्यांनी बजावलं.

घरात नेमकं त्या दिवशी हळदीकुंकू होतं. सासूबाईंनी पाहुणीला सतरंजीवर मधोमध बसवलं, हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. ओटी भरायची वेळ आली आणि सगळ्या अडल्या, कारण बाईंना पदरच नव्हता. करड्या झग्यात खण-नारळ घालायचा कुठे? बाईंनी पिशवीतून एक चौकोनी रेशमी कापड काढलं, मांडीवर पसरलं, आणि ओटी पडताच त्याची अशी देखणी गाठ मारली की शेजारणी ती शिकायला त्यांच्या अंगावर ओणवल्या. मैत्रीचं काम झकास चाललं होतं. दोन देशांमधली सगळी बोलणी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीवर उभी होती आणि मी फुशारले होते.

हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून आत्याबाई पाहत होत्या. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. ऐन विशीत नवरा गेला, तेव्हापासून भावाकडे. तिळगूळ त्यांच्याच हातचा, पण हळदीकुंकवाला त्यांची हद्द त्या दारापर्यंत. मला याचा संताप यायचा, पण नव्या सुनेच्या संतापाला कोण विचारतं.

तेवढ्यात एक शेजारीण म्हणाली, "नाव घ्याले लावा न तिले."

मी बाईंना सांगितलं, आमच्यात नवऱ्याचं नाव घेतात. त्यांनी सरळ नाव सांगितलं, आणि तितक्याच सरळपणे पुढे सांगितलं की तो लढाईवर गेला तो परतलाच नाही.

"काय म्हणते?" सासूबाईंनी विचारलं. थाप मारता आली असती. पण माझ्या स्वभावात ते नाही, मी जसंच्या तसं सांगून टाकलं.

पाहुणीच्या कपाळावर कुंकू, मांडीवर भरलेली ओटी. बाहेर सासऱ्यांचा सौदा व्हायचा होता. सासूबाई पटकन सावरल्या. "असू दे. जपानची हाये ते. चालते."

"वयनी," दारातून आवाज आला, "मंग मले काऊन नाई चालत?"

आत्याबाईंना वरच्या आवाजात बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पाहुणीनं माझ्याकडे पाहिलं. मी तेही भाषांतर करून दिलं. मग ती उत्तरासाठी सासूबाईंकडे पाहत बसली, अगदी अदबीनं. सासूबाईंनी लगबगीनं करंडा उचलला. "ये व बाई, ये."

"आता नाई," आत्याबाई म्हणाल्या. "पाहुणीच्या लाजेनं नको. ते गेल्यावर लावजो."

संध्याकाळी पाहुणे गेले. सौदा झाला होता, सासरे पेढे आणायला बाजारात निघाले. आत्याबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून बैठकीत आल्या आणि रिकाम्या सतरंजीवर बसल्या. सासूबाई इकडचं तिकडे आवरत राहिल्या, शेवटी आवरायला काही उरलं नाही तेव्हा समोर टेकल्या.

"लोकं इचारतीन, त्याईले काय सांगू?"

"सांगजो, जपानची हाये म्हणून."

सासूबाईंना हसू फुटलं. हसता हसताच त्यांनी करंड्यात बोट बुडवलं, पण ते कपाळापाशी पोचेतो त्यांचे डोळे भरून आले आणि कुंकू तिरकं लागलं. आत्याबाईंनी मला आरसा मागितला. इतक्या वर्षांत त्यांना तो कशाला लागला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि पाहतच राहिल्या.

"माय व," त्या हळूच म्हणाल्या, "मी तं म्हातारी झाली."