पाद्रीबाबांची चटई

कोलकात्याला माझी बदली झाली तेव्हा बागबाजारहून हावड्याला जाणाऱ्या लाँचमध्ये एक पाद्रीबाबा रोज संध्याकाळी भेटायचे. गळ्यात क्रूस, काखेत चटई. अजान झाली की पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढायचे आणि शेवटी छातीवर क्रूसाची खूण करायचे. मधेच लाँच वळली तर उठून चटईही वळवायचे. मला हसू आवरायचं नाही.

एकदा ते फार उदास दिसले. म्हणाले, "बिशपसाहेब म्हणतात, चटई सोडा नाहीतर चर्च सोडा."

"मग काय ठरवलंत?"

"दोन्हीकडे प्रार्थना करून विचारलं. दोन्हीकडून उत्तर आलं, बिशपना विचार."

तेवढ्यात अजान झाली. ते चटईवर बसले, डोळे मिटले आणि नेमकी लाँच वळली. मग मी आणि शेजारच्या मासेवालीने मिळून चटई त्यांच्यासकट अलगद पश्चिमेला फिरवली.