ड्रायव्हर लोकांनी बाहेर जायचं!

मंडळी, दुसऱ्याचा ट्रक चालवून कंटाळलोय. स्वतःचा घ्यावा आणि स्वतःच चालवावा, हे लई दिवस डोक्यात आहे. कुणाचं ऐकून घ्यायला नको, इज्जत राहते, असं वाटायचं. म्हणून आज सलीमभाईंसोबत त्यांच्या ट्रकमधून वाळूज एमआयडीसीत गेलो. ते स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर.

कंपनीच्या गेटवर माल उतरवायला नंबर लावला. सकाळची दुपार झाली. सलीमभाईंना शुगर आहे, त्यांना थांबवेना. गेटच्या आत समोरच बाथरूम होतं. वॉचमन म्हणाला, "ते स्टाफचं आहे. ड्रायव्हर लोकांनी बाहेर जायचं."

बाहेर म्हणजे कुठं? भर रस्त्यावर?

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, हे ड्रायव्हर नाहीत, गाडीचे मालक आहेत!"

तो हसला. "मालक असते तर गाडी चालवत आले असते का?"

साठीचा माणूस. ट्रकच्या आडोशाला गेला. माझी तर मान वर होईना.

परत आल्यावर ते वॉचमनला नाही, मला बोलले. "बेटा, मालक आहे असं कशाला सांगितलं? ड्रायव्हरला लघवी लागत नाय व्हय?"

गाडी घेऊ का, हे आज तुम्हाला विचारणार होतो. ते राहू द्या. तुमच्यातले बरेच जण कंपनीत कामाला आहेत. तुमच्या गेटवर आलेला ड्रायव्हर कुठं जातो, तेवढं उद्या बघून सांगा.