मोकाशी काकांचा रविवारचा रक्तदाब

वृद्धांच्या घरी बसवलेल्या यंत्रांवर दुरून लक्ष ठेवण्याचे काम ज्याच्या वाट्याला येते, त्याच्याकडे किस्से आपोआप साठतात. नोंदवहीत त्यांच्यासाठी रकाना नसतो, म्हणून ते डोक्यात राहतात आणि मित्र भेटले की बाहेर पडतात.

पुढचा पहिला किस्सा मी स्वतः पाहिलेला नाही, त्यामुळे तो केव्हा व कोणाकडून ऐकला ते आधी सांगतो. सार्वजनिक आरोग्य या विषयातील पदव्युत्तर प्रबंधासाठी मी कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या एका रुग्णालयाच्या देखरेख कक्षात रुजू झालो. त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी साडेचारच्या चहाला, तो मला शर्मिष्ठादींनी सांगितला. शर्मिष्ठादी म्हणजे कक्षाच्या प्रमुख परिचारिका. आमच्याकडे नोंदवलेल्या प्रत्येक वृद्धाच्या मनगटावर घड्याळ असते आणि घरी रक्तदाबाचे यंत्र असते. त्या दोहोंची माहिती फोनमार्फत आमच्या भिंतीवरच्या पडद्यावर येते. प्रत्येक माणसामागे एक ठिपका. सर्व ठीक असेल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, धोका असेल तर लाल.

यंत्रणा सुरू झाली त्या दिवशी बंगळुरूहून कंपनीचा एक इंजिनियर आला होता. दुपारी सव्वादोनला एक ठिपका लाल झाला: 'हालचाल नाही.' मग दुसरा, मग चौथा, मग जवळजवळ सगळा पडदा. इंजिनियरने रुग्णवाहिकेसाठी फोन उचलला. शर्मिष्ठादींनी तो त्याच्या हातातून काढून जागेवर ठेवला आणि बंगालीत जे सांगितले त्याचे मराठी साधारण असे:

"दादा, लोकांची जेवणं झाली आहेत. या शहरात दोन ते चार कोणी हलत नाही. हललं, तर मला उठवा."

त्यानंतर यंत्रणेत दुरुस्ती झाली. आता कोणी वृद्ध दुपारी तीन वाजता चालताना आढळला, तर पिवळा ठिपका लागतो. एवढा भाग मी स्वतः तपासला आहे.

* * *

यापुढचे किस्से मुख्यतः एकाच ठिपक्याचे आहेत. तो ठिपका म्हणजे बालीगंजचे मोकाशी काका. वय एकोणऐंशी, गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून अधिकारी म्हणून निवृत्त, काकू गेल्यापासून एकटे. त्यांचा मुलगा निरंजनदादा पुण्यात असतो. काकांनी पुण्याला येऊन राहावे, असा त्याचा आग्रह. आणि काकांचा ठाम नकार. शेवटी तह झाला. काकांनी तीन महिने आमचे घड्याळ बांधायचे. अहवाल चांगला आला तर कोलकाता, नाही तर पुणे. कक्षात मराठी बोलणारा मी एकटाच असल्याने हा तह सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले.

पुण्याबद्दल काकांचे म्हणणे त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवले. "तिथे लिफ्ट आहे. समोर हॉस्पिटल आहे. खाली बाग आहे. पत्त्यांना चौथा भिडू कुठे आहे?"

* * *

पहिल्याच आठवड्यात काकांचा ठिपका पिवळा झाला. घड्याळाचे ॲप रोज सकाळी आठला विचारते: 'आज तुम्हाला कसे वाटते? एक ते दहा गुण द्या.' काका सलग सहा दिवस पाच गुण देत होते. यंत्रणेने निष्कर्ष काढला: नैराश्याची शक्यता. मी तातडीने बालीगंजला गेलो आणि शक्य तितक्या सौम्य शब्दांत मन उदास असते का, असे विचारले.

काकांना प्रश्नच समजेना. मग उलगडा झाला. नोकरीतली कित्येक वर्षे त्यांनी हाताखालच्या लोकांचे गोपनीय अहवाल लिहिले होते आणि सहाच्या वर गुण कोणालाही दिले नव्हते.

"पाच म्हणजे समाधानकारक," ते म्हणाले. "त्याहून जास्त हवे असतील तर माणसाने काहीतरी विशेष करून दाखवायला हवं. मी सकाळपासून फक्त चहा प्यायलोय."

हा गोपनीय अहवाल नसून आरोग्याची चौकशी आहे, हे मी बराच वेळ समजावले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहा गुण दिले. खाली शेऱ्याच्या चौकटीत मात्र लिहिले: 'सुधारणेस वाव आहे.'

* * *

दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. एका शनिवारी संध्याकाळी काकांच्या घड्याळाने दहा मिनिटांत तीन वेळा तीव्र आघात नोंदवला. अशा वेळी घड्याळ विचारते, 'तुम्ही पडलात का?' मिनिटभरात उत्तर आले नाही, तर रुग्णवाहिका निघते आणि नातेवाइकाला संदेश जातो. काकांनी तिन्ही वेळा उत्तर दिले नाही.

काका खालच्या मजल्यावर घोषबाबूंकडे टोएन्टी-नाइन, म्हणजे इकडचा पत्त्यांचा लाडका डाव, खेळत होते. या खेळात गुलाम सर्वांत मोठा असतो. तो टेबलावर ठेवत नाहीत, आपटतात. काकांना त्या संध्याकाळी तीन गुलाम आले होते.

रुग्णवाहिका अकरा मिनिटांत पोहोचली. ही वेळ प्रशंसनीय आहे. स्ट्रेचर घेऊन दोन कर्मचारी आत आले, तेव्हा काकांनी हात वर करून त्यांना थांबवले, कारण डाव अर्धा होता. मला मिळालेल्या माहितीनुसार, त्यांच्यापैकी एक जण घोषबाबूंच्या पाठीमागे उभा राहिला आणि थोड्या वेळाने त्यांना म्हणाला, "हे नको, ते टाका." परतीच्या नोंदीत 'रुग्णाची स्थिती' या रकान्यात त्यांनी लिहिले आहे: 'जिंकत आहेत.'

पुण्यात मात्र निरंजनदादाने संदेश वाचून विमानाचे तिकीट काढले होते. खुलासा झाल्यावर ते रद्द केले आणि काकांना फोन करून सांगितले, "बाबा, यापुढे मी तिकीट काढीन ते तुमचं, इकडे येण्याचं."

* * *

त्या दिवसापासून निरंजनदादाचा घड्याळावरचा विश्वास उडाला. रक्तदाब आपल्या डोळ्यांसमोर घेतला जावा, अशी त्याने अट घातली. दर रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल लागे आणि काका दंडाला पट्टा बांधत. सोमवार ते शनिवार काकांचा वरचा आकडा एकशे तीसच्या आसपास राही. रविवारी तो एकशे बासष्ट आला. पुढच्या रविवारी एकशे सहासष्ट.

तिसऱ्या रविवारी मी तो कॉल कक्षातून ऐकला. पट्ट्यात हवा भरत असताना निरंजनदादा अतिशय प्रेमाने म्हणत होता, "बाबा, रिलॅक्स. अजिबात टेन्शन घेऊ नका. फक्त आज जास्त आलं तर आपल्याला निर्णय घ्यावा लागेल."

एकशे अडुसष्ट.

* * *

आमच्या डॉक्टर सेनांनी मग काकांची व्हिडिओवर तपासणी ठेवली. फोन धरायला माला होती. माला काकांकडे नऊ वर्षे स्वयंपाक करते आणि काकांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्या आधी देते. झोप कशी लागते, हे तिने सांगितले. पोट साफ होते का, हेही तिनेच सांगितले. डॉक्टरांनी जेवणातल्या मिठाबद्दल विचारले तेव्हा ती दुखावली. तिने उत्तर न देता फोन फडताळाकडे वळवला. लिंबाचे लोणचे, मिरचीचे लोणचे, सांडगी मिरची, पोह्यांचे पापड.

हे कुठून येते, असे डॉक्टरांनी विचारले.

"पुण्याहून," माला म्हणाली. "दादा दर महिन्याला पाठवतो. आत चिठ्ठी असते. यांनी मला वाचून दाखवली आहे. 'बाबा, मीठ कमी खा.'"

* * *

डॉक्टरांनी काकांना दिवसभर दंडावर यंत्र बांधून सलग चोवीस तासांचा रक्तदाब मोजायला लावला. तो वयाच्या मानाने उत्तम निघाला. सकाळची एक छोटी गोळी पुरेशी आहे, आणि राहते घर बदलण्याचे वैद्यकीय कारण दिसत नाही, असे त्यांनी लेखी दिले. रविवारच्या आकड्यांचे काय, हे निरंजनदादाला कळवण्याचे काम मात्र माझ्याकडे आले. मी दोन दिवस मसुदा करून ईमेल पाठवला: रविवारच्या व इतर दिवसांच्या मापनांत फरक आढळतो, हा फरक त्या वेळच्या संभाषणाशी निगडित असण्याची शक्यता नाकारता येत नाही, तथापि कार्यकारणसंबंध प्रस्थापित झालेला नाही.

उत्तर एका ओळीचे आले. "म्हणजे तेच संभाषण पुण्यात समोरासमोर झालं तर चालेल ना?"

शर्मिष्ठादींनी माझ्याकडून त्याचे भाषांतर करून घेतले. मग त्या डॉक्टर सेनांच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतले.

* * *

तीन महिन्यांतला शेवटचा रविवार. निरंजनदादाने स्पष्ट सांगितले होते की आज आकडा एकशे चाळीसच्या वर गेला, तर तो पुढच्या आठवड्यात काकांना न्यायला येईल. पुण्यात त्यांची खोली रंगवून तयार होती. बालीगंजला घोषबाबू आदल्या दिवशी पत्त्यांचा जोड काकांना भेट म्हणून देऊन गेले होते. त्याचा अर्थ सर्वांना कळला होता.

पडद्यावर तीन चौकटी होत्या: एकीत पुण्याहून निरंजनदादा, दुसरीत बालीगंजहून काका, तिसरीत न्यू टाउनहून डॉक्टर सेन आणि मी. काका नेहमीपेक्षा नीटनेटके दिसत होते. फोन त्या दिवशी कोणी धरला नव्हता, कशाला तरी टेकवून ठेवला होता.

पट्टा बांधण्यापूर्वी डॉक्टर इंग्रजीत म्हणाले की यंत्राच्या अचूकतेची खात्री व्हावी म्हणून नातेवाइकानेही त्याच वेळी स्वतःचा रक्तदाब मोजणे आवश्यक आहे. अशी कोणतीही तरतूद आमच्या नियमावलीत नाही. मी ती नंतर दोनदा वाचली. पण निरंजनदादाकडे तेच यंत्र होते आणि तो नियम पाळणारा माणूस आहे. त्याने बाही वर केली.

दोन्ही यंत्रे एकदम घरघरू लागली. निरंजनदादाचा आकडा आधी आला. एकशे चौसष्ट, खालचा एकशे दोन. त्याने यंत्र हलवून पाहिले, बॅटरी काढून घातली, पुन्हा मोजले. एकशे बाहत्तर.

मग काकांचा आकडा आला. एकशे अठरा, खालचा शहात्तर.

मग काकांनी चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला. त्यांच्या आवाजात विजय नव्हता. खरी काळजी होती, असे माझे मत आहे.

"निरू, असं एकट्याने अंगावर काढू नकोस. सूनबाईंना विचार आणि थोडे दिवस इकडे येऊन राहा. डॉक्टर सेन चांगले आहेत. घड्याळसुद्धा देतात."

पुण्याच्या चौकटीत निरंजनदादा अजून पट्टा बांधूनच बसला होता. शेवटी तो म्हणाला, "दुर्गापूजेला येतो, बाबा."

तो आला आणि आठ दिवस राहिला. पुण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

माझ्या प्रबंधात मी काकांची इतर सर्व मापने घेतली आहेत, हे एक वगळले आहे. पडद्यावर काका छातीपासून वरच दिसत होते, त्यातही डावा दंड चौकटीबाहेर होता. पट्ट्याची नळी त्यांच्या डाव्या बाजूने चौकटीबाहेर गेली होती. आणि काकांच्या आधी उत्तर देणारी माला त्या संपूर्ण कॉलमध्ये दिसली नाही की बोलली नाही. मापन चालू असताना बोलू नये, असा नियम आहे खरा. परंतु तो पट्टा नेमका कोणाच्या दंडाला बांधलेला होता, याची खातरजमा मला आजतागायत करता आलेली नाही.