भिंतीपलीकडचं आमेन

सैतानाशी इतकी घरगुती भांडणं केलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. पेणला रामवाडीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे हे काका मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. रोह्याच्या एका कंपनीत ते फिटर आणि मी तिथंच कारकून, त्यामुळे शिफ्ट जुळली की जाता-येता त्यांच्या सैतानाची खबरबात मला मिळे. "आज सकाळीच आला होता," असं ते सुरू करत, जणू एखादा चिवट पाहुणा दारात येऊन बसला होता. मग कळे की स्टँडवर भज्यांचा घाणा चालू होता. ईस्टरआधीच्या उपवासकाळात काका तळण आणि मांसमच्छी सोडत, आणि तेवढे दिवस स्टँडवरून घरी येताना गणपतींच्या कारखान्यांच्या गल्लीतून वळसा घालत. रंगाच्या वासानं भूक मरते, असं त्यांचं म्हणणं होतं. मला तर त्या वळशानं जास्तच भूक लागे.

खाण्यापेक्षा रागाचा मोह मोठा, हे ते स्वतःच कबूल करत. राग आला की ते नळावर जाऊन तोंडात पाण्याची गुळणी धरून उभे राहत, शब्द बाहेर पडू नये म्हणून. एकदा अशी गुळणी धरलेली असतानाच साहेब आले आणि मशीन कधी सुरू होणार ते विचारू लागले. काका फुगलेले गाल घेऊन नुसतेच बघत राहिले. साहेबांना वाटलं दाढ सुजली, त्यांनी दयेनं सुट्टी दिली. काका गेटपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "साहेब, दाढ बरी आहे. तुमचा राग आला होता." पुढं आठवडाभर साहेबच त्यांच्या वाटेला गेले नाहीत.

पोपटीचं मात्र अजब होतं. वालाच्या शेवटच्या शेंगा शेतात भरायच्या त्या नेमक्या त्यांच्या उपवासकाळात. जिते गावातल्या एका सोबत्याच्या शेतावर आम्ही मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी भरून मडकं उपडं घालायचो आणि भोवती जाळ करायचो, हीच आमची पोपटी. काका येत, जाळावर काटक्या टाकत, मडकं उघडलं की डोळे मिटून वास घेत आणि डब्यातली भाकरी-ठेचा काढत. मग येता कशाला, असं मी एकदा वैतागून विचारलं. "घरात एकट्यानं भाकरी जात नाही," ते म्हणाले. "आणि सैतान काय पोपटीत बसलेला नसतो. तो रविवारी सकाळी येतो. म्हणतो, एकटाच तर आहेस, कोण ऐकतंय, झोप."

तेव्हा त्यांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. जवळपास त्यांच्या पंथाचं चर्च नव्हतं, म्हणून रविवारची उपासना नवरा-बायको घरातच करत. गाणारे काकाच, वाचणारे काकाच, उपदेश करणारेही काकाच. ऐकायला ती एकटी, आणि भिंतीच्या अलीकडं फुकटात आम्ही. प्रार्थना संपली की ती "आमेन" म्हणे. ती गेल्यावरही काकांनी नेम मोडला नाही. फक्त प्रार्थनेच्या शेवटी ते थांबत, तिला म्हणायला लागायचा तेवढाच वेळ, आणि मग स्वतःच हलकेच आमेन म्हणत. तो थांबा ऐकला की माझ्या हातातला पेपर वाचवत नसे.

पोपटीनंतरच्या रविवारी भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. सैतान जिंकला, असं मी मनात म्हटलं आणि मला फार वाईट वाटलं. माझी बायको मिठागराकडच्या गावातली, तिला मनात म्हणणं जमत नाही. ती तांदूळ निवडायचं सूप तसंच टाकून उठली आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागून गेलो. काका खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"काका, आज गानं नाय?"

"कुणासाठी गाऊ, पोरी?"

"मी बसलंय ना." आणि ती उंबऱ्यावर बसलीच.

काकांनी कूस बदलून उंबऱ्याकडं पाहिलं. मग उठले, तोंड धुतलं, पुस्तक काढून उंबऱ्यापाशी येऊन बसले. त्या दिवशी आवाज चिरका लागला, उपदेश तर त्यांनी गाळलाच. प्रार्थना झाली आणि ते सवयीनं थांबले. त्या थांब्यात माझी बायको "आमेन" म्हणाली, शेवट लांबवून, काकी म्हणायची अगदी तसं. तिनं ते इतकी वर्षं भिंतीतूनच तर ऐकलं होतं. काकांनी डोळे उघडले नाहीत. नुसता हात पुढं करून तिच्या डोक्यावर ठेवला.

त्यानंतर पेण सोडेपर्यंत काकांचा एकही रविवार चुकला नाही. आता ते पुण्याला मुलाकडं असतात. तिथं भरलेलं चर्च आहे, आमेन म्हणायला पुष्कळ माणसं आहेत. तरी फोनवर आधी उंबऱ्यावर बसणाऱ्या पोरीची चौकशी करतात. पलीकडं नवे भाडेकरू आले आहेत, चांगली माणसं आहेत, पण रविवारी सकाळी मला त्या बेसूर गाण्याची फार आठवण येते. बायको तांदूळ निवडता निवडता मध्येच थांबते, भिंतीकडं बघते. मग हळूच, शेवट लांबवून, "आमेन" म्हणते आणि पुन्हा सूप पुढं ओढते.